युक्रेनमधला अतिउजवा पक्ष : मतपेटीत, रस्त्यावर आणि प्रचारात

२५ मे २०१४ च्या रात्री रशियाच्या 'पहिल्या वाहिनी'वर युक्रेनच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल म्हणून एक चित्र झळकलं. कीवच्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून घेतलं आहे, असं सांगून ते दाखवलं गेलं. त्यात 'प्रावी सेक्तर' या कडव्या राष्ट्रवादी संघटनेचे नेते द्मित्रो यारोश ३७ टक्के मतं घेऊन सर्वांच्या पुढे होते. प्रत्यक्ष मोजणीत त्यांना ०.७० टक्के मतं पडली. त्याच निवडणुकीत 'स्वोबोदा' पक्षाचे प्रमुख ओलेह त्याह्निबोक यांना १.१६ टक्के मिळाली. दोघांची बेरीज दोन टक्क्यांपर्यंतही पोचत नव्हती. वादिम राबिनोविच या ज्यू उमेदवाराने एकट्याने सव्वादोन टक्के मतं घेतली होती. योगायोगाने त्याच दिवशी फ्रान्समध्ये युरोपीय संसदेसाठी मतदान झालं आणि मारीन ल पेन यांचा पक्ष जवळपास २५ टक्के मतं घेऊन पहिला आला.

पुढे आठ वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, व्लादिमिर पुतिन यांनी युक्रेनवर चढाई करताना जी कारणं सांगितली त्यांत त्या देशाची 'नाझीमुक्ती' हे ठळक होतं. त्या दिवसांत तेर्नोपिल, इवानो-फ्रान्किव्स्क, खार्किव इथे डॉक्टरकी शिकायला गेलेली मराठी मुलं परत कशी येतील या चिंतेत इकडे कित्येक घरं होती, आणि 'युक्रेनमधले नाझी' हे शब्द त्या बातम्यांबरोबरच आपल्याकडे आले. कुणी ते जसेच्या तसे खरे मानले, कुणी निव्वळ थाप म्हणून झटकून टाकले. तेर्नोपिल आणि इवानो-फ्रान्किव्स्क या दोन्ही शहरांचे महापौर तेव्हा स्वोबोदाचे होते, ही गोष्ट मात्र दोन्ही बाजूंच्या बोलण्यात क्वचितच आली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मतपेटीत स्वोबोदा हा पक्ष किरकोळ आहे, आणि त्याच्या नावाने क्रेमलिनने उभा केलेला बागुलबुवा खोटा आहे. पण या पक्षाचं आणि त्याच्या भाऊबंदांचं उपद्रवमूल्य मतांच्या टक्केवारीवरून कळत नाही. ज्यांना युक्रेनविषयी आस्था आहे त्यांनी तर या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करता कामा नये.

पक्षाचा जन्म पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव शहरातला, १३ ऑक्टोबर १९९१ चा. सोव्हिएत संघ अजून कागदावर शिल्लक होता. नाव होतं 'युक्रेनचा सोशल-नॅशनल पक्ष'. संस्थापकांत यारोस्लाव्ह आंद्रुश्किव, आंद्री पारुबी आणि ओलेह त्याह्निबोक हे तरुण होते. हिटलरच्या पक्षाच्या नावातले दोन शब्द पुढेमागे केले की हेच नाव होतं, आणि ते संस्थापकांच्या लक्षात आलं नसेल असं मानायला जागा नाही. चिन्हही तसंच होतं. ती 'राष्ट्राची संकल्पना' दाखवणाऱ्या दोन अक्षरांची जोडणी आहे असं पक्ष सांगे, पण एसएसच्या काही तुकड्यांनी मिरवलेल्या 'वोल्फ्सआंगल' या खुणेशी तिचं साम्य कुणाच्याही नजरेत भरावं असं होतं. १९९५ मध्ये पक्षाची अधिकृत नोंदणी झाली. १९९८ च्या निवडणुकीत त्याच्या आघाडीला ०.२ टक्के मतंही मिळाली नाहीत. त्याह्निबोक मात्र ल्विव प्रांतातल्या एका मतदारसंघातून स्वतःच्या बळावर संसदेत पोचले.

ल्विवच का, हे समजून घ्यायचं तर गॅलिशियाचा इतिहास पाहावा लागतो. युक्रेनचा हा पश्चिम तुकडा १७७२ पासून हाब्सबुर्ग साम्राज्यात होता आणि पहिल्या महायुद्धानंतर पोलंडकडे गेला. मॉस्कोची सत्ता तिथे आली ती १९३९ मध्ये, आणि जर्मनांना हटवून १९४४ मध्ये पुन्हा. आल्यावर तिने लोकांना सायबेरियात हद्दपार केलं आणि १९४६ मध्ये ग्रीक कॅथलिक चर्चवर बंदी घातली. जंगलातल्या युक्रेनियन बंडखोर सेनेशी, म्हणजे 'उपा'शी, ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लढत राहिली. पूर्वेकडच्या दोनेत्स्कमध्ये ज्या काळाची आठवण कारखाने आणि महायुद्धातला विजय अशी निघते, त्याच काळाची आठवण ल्विवच्या घराघरांत तुरुंग आणि हद्दपारी अशी निघते. कडव्या राष्ट्रवादाला तिथे ओल मिळाली ती या आठवणींतून.

त्या आठवणीच्या केंद्रस्थानी स्तेपान बांदेरा आहे. १ जानेवारी १९०९ चा जन्म. १९२९ मध्ये व्हिएन्नात स्थापन झालेल्या 'युक्रेनियन राष्ट्रवाद्यांच्या संघटने'तला हा तरुण नेता. १९४० मध्ये संघटना फुटली तेव्हा जहाल गट त्याच्यामागे गेला. ३० जून १९४१ ला, जर्मन फौजा ल्विवमध्ये शिरताच, त्याच्या अनुयायांनी स्वतंत्र युक्रेनची घोषणा केली. जर्मनांना ते नको होतं. बांदेराला अटक झाली आणि पुढची बरीच वर्षं तो झाक्सनहाउसन छळछावणीच्या आवारात कैदेत राहिला. त्याचे भक्त इथवरची गोष्ट अभिमानाने सांगतात. त्याच दिवसांत ल्विवच्या रस्त्यांवर ज्यूंना घराबाहेर ओढून मारलं जात होतं आणि त्यात संघटनेच्या मिलिशियाचे लोक सामील होते, हा भाग ते सांगत नाहीत. १९४३ मध्ये उपाने व्होलिन प्रांतात पोलिश गावंच्या गावं कापून काढली. व्होलिन आणि पूर्व गॅलिशिया मिळून मारल्या गेलेल्या पोलिश लोकांचे अंदाज एक लाखापर्यंत जातात. तेव्हा बांदेरा कैदेत होता हे खरं. हत्याकांड त्याच्या चळवळीने केलं हेही तितकंच खरं. १९५९ मध्ये केजीबीच्या हस्तकाने म्यूनिकमध्ये त्याच्यावर विषारी वायू सोडून त्याला ठार केलं, आणि हुतात्म्याचं वलय पूर्ण झालं. दर १ जानेवारीला कीव आणि ल्विवमध्ये निघणारे मशाल मोर्चे त्याच्या जयंतीचे असत, आणि ते काढण्यात स्वोबोदा आघाडीवर असे.

२००४ साली पक्षाने कात टाकली. १४ फेब्रुवारीच्या अधिवेशनात जुनं नाव आणि जुनं चिन्ह दोन्ही गेलं. नवं नाव 'स्वोबोदा', म्हणजे स्वातंत्र्य. नवं चिन्ह तीन बोटं उभारलेला हात, युक्रेनच्या त्रिशूळाची आठवण करून देणारा. त्याह्निबोक अध्यक्ष झाले. 'पॅट्रियट ऑफ युक्रेन' ही पक्षाची निमलष्करी शाखा बरखास्त झाली. पारुबी पक्षातून बाहेर पडले. हा सगळा खटाटोप मध्यममार्गी मतदारापर्यंत जाण्यासाठी होता, कारण त्याह्निबोक २००२ मध्ये व्हिक्टर युश्चेन्को यांच्या 'आमचा युक्रेन' आघाडीतून संसदेत आले होते आणि मुख्य प्रवाहाची चव त्यांनी घेतली होती.

पण त्याच उन्हाळ्यात कार्पेथियन पर्वतातल्या यावोरिना डोंगरावर, उपाच्या एका सेनानीच्या समाधीपाशी, त्यांनी भाषण केलं. उपाचे सैनिक कुणाकुणाविरुद्ध लढले ते सांगताना रशियन आणि ज्यू लोकांसाठी त्यांनी शिवराळ शब्द वापरले आणि युक्रेनवर आज 'मॉस्को-ज्यू माफिया'ची सत्ता आहे असं जाहीर केलं. कॅमेरा चालू होता. चित्रण दूरचित्रवाणीवर आलं आणि जुलै २००४ मध्ये युश्चेन्को यांनी त्यांना संसदीय गटातून काढून टाकलं. पक्षाचं बाह्य रूप बदललं तरी आतला विचार किती बदलला होता, याचा पुरावा त्यांच्याच तोंडून मिळाला.

त्यानंतर दोन निवडणुकांत पक्ष एक टक्क्याच्या आतच घुटमळला: २००६ मध्ये ०.३६, २००७ मध्ये ०.७६. चंचुप्रवेश झाला तो मार्च २००९ मध्ये तेर्नोपिल प्रांताच्या मध्यावधी निवडणुकीत. अध्यक्ष युश्चेन्को आणि पंतप्रधान युलिया तिमोशेन्को यांच्या भांडणाला लोक कंटाळले होते. स्वोबोदाला जवळजवळ ३५ टक्के मतं आणि १२० पैकी ५० जागा मिळाल्या. पाठोपाठ २०१० मध्ये यानुकोविच राष्ट्राध्यक्ष झाले, आणि गॅलिशियातल्या तिन्ही प्रांतिक परिषदांत स्वोबोदाने बस्तान बसवलं.

या टप्प्यावर दूरचित्रवाणीचा हात मोठा होता. यानुकोविच यांच्या काळात राजकीय चर्चांच्या कार्यक्रमांत स्वोबोदाचे नेते सतत दिसू लागले. सत्ताधाऱ्यांना असा प्रतिस्पर्धी सोयीचा होता: रशियन भाषक पूर्वेला त्याची भीती दाखवता येई, आणि २०१५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दुसऱ्या फेरीत त्याह्निबोक समोर आले तर यानुकोविच सहज निवडून येतील असा हिशेब कीवमध्ये उघड बोलला जाई. आपल्या फायद्यासाठी कडव्या पक्षाला खतपाणी घालायचं आणि मग त्याच्याच नावाने मतं मागायची, हा उद्योग करणाऱ्यांचं पुढे काय झालं ते २०१४ मध्ये दिसलं.

२०१२ ची संसदीय निवडणूक हा पक्षाचा कळस. १०.४४ टक्के, म्हणजे एकवीस लाखांहून अधिक मतं, आणि ३७ जागा. ल्विव प्रांतात ३८ टक्के. दोनेत्स्क-लुहान्स्क भागात मात्र एक-दीड टक्क्याच्या आसपास. थक्क करणारा आकडा होता राजधानीचा: कीवमध्ये १७ टक्क्यांवर मतं, तिसरा क्रमांक. कीवचा मतदार रातोरात बांदेराभक्त झाला होता, असं मला वाटत नाही. त्या जुलैत प्रादेशिक भाषा म्हणून रशियनला मोकळीक देणारा कायदा संसदेत घाईघाईने रेटला गेला होता, तिमोशेन्को तुरुंगात होत्या, आणि विकले न जाणारे, प्रसंगी हातघाईवर येणारे विरोधक म्हणून लोक या पक्षाकडे बघत होते. त्यातली कित्येक मतं उसनी होती. तेव्हाच्या बाहेरच्या प्रतिक्रियाही नोंदवायला हव्यात. सायमन विसेंथाल केंद्राने त्याह्निबोक आणि त्यांचे सहकारी इगोर मिरोश्निचेन्को यांना त्या वर्षीच्या ज्यूद्वेष्ट्या वक्तव्यांच्या यादीत पाचवं स्थान दिलं. युरोपीय संसदेने डिसेंबर २०१२ च्या ठरावात, लोकशाहीवादी पक्षांनी स्वोबोदाशी हातमिळवणी करू नये, असं आवाहन केलं. ते युक्रेनमध्ये कुणी ऐकलं नाही, कारण यानुकोविच यांच्याविरुद्ध प्रत्येक जागा मोलाची होती.

पक्षाचा मूळ स्वभाव कळायला आकड्यांपेक्षा एक प्रसंग अधिक उपयोगी आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये ल्विवच्या एका बालवाडीत इरिना फारिओन गेल्या. पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ, स्वोबोदाच्या नेत्या, पुढे खासदार. समोर चिमुकली मुलं बसलेली. एकेकाचं नाव विचारून त्यांनी अस्सल युक्रेनियन रूप कोणतं ते सांगायला सुरुवात केली. ल्योना हे नाव आपलं नव्हे, माशा तर नव्हेच. माशाच म्हणवून घ्यायचं असेल तर बाडबिस्तरा बांधून मॉस्कोच्या मुलखात जावं, असं त्यांनी मुलांना हसतमुखाने सांगितलं. कॅमेरा तिथेही होता. भाषेवर प्रेम असणं आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या हाकेच्या नावावरून परकं ठरवणं यांत अंतर आहे. मराठीच्या प्रेमाने बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ते अंतर नीट ओळखलं पाहिजे. याच फारिओनबाई सोव्हिएत काळाच्या अखेरीस कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य होत्या, हे पुढे कागदपत्रांतून उघड झालं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये यानुकोविच यांनी युरोपीय संघाशी होणारा करार बाजूला ठेवला आणि कीवचा मध्यवर्ती चौक माणसांनी भरला. 'मैदान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या चौकातल्या आंदोलनाचे तीन संसदीय चेहरे होते: विरोधी पक्षांचे नेते क्लिच्को, यात्सेन्युक आणि त्याह्निबोक. गर्दीच्या मानाने स्वोबोदाची माणसं थोडी होती, पण ती संघटित होती, थंडीत टिकणारी होती आणि पोलिसांना भिडणारी होती. ८ डिसेंबरला बेसाराब्स्का बाजारासमोरचा लेनिनचा पुतळा पाडला गेला आणि त्याची जबाबदारी स्वोबोदाने घेतली. फेब्रुवारी २०१४ मध्ये आंदोलकांवर झालेल्या गोळीबारात मेलेल्यांत पक्षाचे कार्यकर्तेही होते. त्यांचं मरण खोटं नव्हतं. यानुकोविच पळाल्यावर २७ फेब्रुवारीला आलेल्या हंगामी सरकारात स्वोबोदाला उपपंतप्रधानपद, संरक्षण, शेती आणि पर्यावरण ही खाती मिळाली, शिवाय महाअभियोक्त्याचं पद. जेमतेम दहा टक्क्यांच्या पक्षाच्या पदरात पडलेलं हे फार मोठं माप होतं. क्रेमलिनला आयतं कोलीत मिळालं.

आणि ते कोलीत पेटवायला मदत केली ती पक्षानेच. १८ मार्च २०१४ ला पुतिन यांनी क्रायमिया रशियात सामील केल्याचा सोहळा क्रेमलिनमध्ये पार पडला. युक्रेनच्या सरकारी वाहिनीने त्याचं प्रक्षेपण केलं. त्या संध्याकाळी मिरोश्निचेन्को आणि स्वोबोदाचे आणखी काही खासदार वाहिनीच्या हंगामी प्रमुखाच्या दालनात घुसले. त्याला ओढलं, मारलं, खुर्चीत दाबून बसवलं, समोर कागद-पेन ठेवलं आणि राजीनामा लिहून घेतला. मिरोश्निचेन्को संसदेच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यविषयक समितीचे सदस्य होते. ही सगळी चित्रफीत त्यांच्याच लोकांनी अभिमानाने प्रसिद्ध केली आणि दुसऱ्या दिवशी ती रशियन वाहिन्यांवर फिरत होती. पंतप्रधान यात्सेन्युक यांनी निषेध केला. नव्या युक्रेनच्या विरोधकांना जे हवं होतं ते या मंडळींनी काही मिनिटांत तयार करून दिलं.

संरक्षणमंत्री इगोर तेन्युख यांना क्रायमियाच्या गोंधळानंतर महिन्याभरातच जावं लागलं. ऑक्टोबर २०१४ च्या संसदीय निवडणुकीत पक्षाला ४.७१ टक्के मतं पडली. पाच टक्क्यांची अट थोडक्यात हुकली आणि यादीतून एकही जागा मिळाली नाही. मतदारसंघांतून सहा आल्या. प्रावी सेक्तरला १.८ टक्के. २०१९ मध्ये तर स्वोबोदा, प्रावी सेक्तर, अझोव्ह या लढाऊ तुकडीतून निघालेला 'नॅशनल कोर' असे सगळे एका यादीवर एकत्र आले, तरी पानिपत झालं: सगळ्यांना मिळून २.१५ टक्के. संसदेत इवानो-फ्रान्किव्स्कच्या ओक्साना साव्चुक तेवढ्या मतदारसंघातून निवडून आल्या. त्याच वर्षी ज्यू घराण्यातले झेलेन्स्की अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत ७३ टक्के मतांनी जिंकले.

देश परकीय आक्रमणाखाली असताना कडवा राष्ट्रवादी पक्ष वाढायला हवा होता, तो आटला. हे कोडं अभ्यासकांना बरंच छळत आलं आहे. आंद्रेआस उमलांड आणि अँतोन शेखोव्त्सोव यांनी या चळवळीवर सातत्याने लिहिलं आहे. मला पटणारं उत्तर असं. २०१४ नंतर स्वोबोदाच्या मागण्यांमधल्या पुष्कळशा इतरांनी उचलल्या. कम्युनिस्ट प्रतीकांवर बंदी घालणारे कायदे २०१५ मध्ये संसदेने केले, तेव्हा स्वोबोदा संसदेत नावापुरता होता. युरोपीय संघ आणि नाटोकडे जाण्याची दिशा फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यघटनेत लिहिली गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युक्रेनियन भाषेचा कडक कायदा झाला आणि तेव्हाचे अध्यक्ष पोरोशेन्को यांनी 'सैन्य, भाषा, श्रद्धा' या घोषणेवर निवडणूक लढवली. स्वोबोदाच्या शिडातली हवाच निघून गेली. २०१२ ची उसनी मतं मूळ जागी परतली: कुणी यात्सेन्युक यांच्या पीपल्स फ्रंटकडे, कुणी ल्विवचे महापौर सादोवी यांच्या सामोपोमिच पक्षाकडे, तर कुणी ल्याश्को यांच्या भडक, लोकानुनयी रॅडिकल पार्टीकडे. मागे शिल्लक राहिलं ते पासपोर्टवर वंशाचा रकाना पुन्हा छापावा असं मागणारं कट्टर बियाणं, आणि त्याला युक्रेनमध्ये फारसं गिऱ्हाईक नाही. ज्या सैन्यात रशियन बोलणारा, तातार, ज्यू, ग्रीक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स एकाच खंदकात आहेत, तिथे रक्ताची शुद्धता विकणं अवघड जातं.

पूर्वीच्या सोव्हिएत मुलखात इतरत्र पाहिलं तर हे अधिकच ठळक होतं. एस्टोनियात एकरे हा अतिउजवा पक्ष २०१९ मध्ये सुमारे १८ टक्के मतं घेऊन सरकारात बसला. खुद्द रशियात १९९३ मध्ये झिरिनोव्स्की यांच्या पक्षाने पक्षयादीत जवळपास २३ टक्के मतं घेऊन पहिला क्रमांक मिळवला होता. दोनेत्स्कमध्ये २०१४ साली स्वतःला 'लोकांचा राज्यपाल' घोषित करणारे पावेल गुबारेव एकेकाळी बार्काशोव यांच्या 'रशियन राष्ट्रीय एकता' या फॅसिस्ट संघटनेत होते. तीच तऱ्हा युरोपच्या अतिउजव्यांची. २००९ पासून स्वोबोदा ज्या 'युरोपीय राष्ट्रीय चळवळींच्या आघाडी'त निरीक्षक म्हणून बसत होता, तिथलेच मित्रपक्ष क्रायमियाचा प्रश्न येताच मॉस्कोच्या बाजूला गेले. हंगेरीच्या योब्बिक पक्षाचे बेला कोवाच क्रायमियातल्या सार्वमताला 'निरीक्षक' म्हणून हजर होते. २०१४ मध्येच ल पेन यांच्या पक्षाने रशियाशी संबंधित बँकेकडून ९० लाख युरोंचं कर्ज घेतलं. पुतिन यांचं भांडण अतिउजव्या विचारांशी असतं तर ही दोस्ती जमली नसती.

इथे थांबलो तर हिशेब सोयीचा होईल, पण अपुरा राहील. ३१ ऑगस्ट २०१५ ला दोनेत्स्क-लुहान्स्क भागाच्या, म्हणजे दोनबासच्या, विशेष दर्जाशी जोडलेल्या घटनादुरुस्तीवर संसदेत मतदान झालं. बाहेर स्वोबोदाचा मोर्चा होता. गर्दीतून राष्ट्रीय रक्षक दलाच्या कड्यावर हातबॉम्ब पडला. पोरसवदा, सक्तीच्या लष्करी सेवेवर आलेले जवान त्यात मेले. पकडलेला संशयित स्वोबोदाच्या स्वयंसेवक तुकडीत लढलेला होता. पक्षाने हात झटकले, पण मोर्चा कुणाचा होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि घटनादुरुस्तीचा तो प्रस्ताव पुढे कधीच मंजूर झाला नाही. पाच टक्के न मिळवणाऱ्यांनी देशाच्या युद्ध-शांततेच्या प्रश्नावर नकाराधिकार गाजवला, असं म्हणायला जागा आहे.

एप्रिल २०१८ मध्ये कीवच्या लिसा होरा टेकडीवरची रोमा लोकांची वस्ती 'सी-१४' या टोळीने पळवून लावली. या टोळीची मुळं स्वोबोदाच्या युवक वर्तुळातली. बायका-मुलं पळताहेत आणि मागून दगड येताहेत, अशी चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली. दोन महिन्यांनी ल्विवच्या वेशीवर एका तांड्यावर रात्री हल्ला झाला आणि चोवीस वर्षांचा एक रोमा तरुण भोसकला गेला. हल्लेखोर बहुतेक अल्पवयीन होते. त्या मुलांच्या हाती सुरे देणारं वातावरण कुणी तयार केलं, हा प्रश्न पोलीस तपासाच्या बाहेरचा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. २०१४ ते २०२१ इतका काळ गृहमंत्री राहिलेले आर्सेन अवाकोव यांच्यावर, या टोळ्यांना पाठीशी घातल्याची टीका युक्रेनमधल्याच मानवाधिकार कार्यकर्त्यांनी केली. युद्ध चालू असताना बंदूक चालवू शकणाऱ्या माणसाला दुखवायचं नाही, ही सबब राज्यकर्त्यांना पुष्कळ वर्षं पुरली.

अझोव्हची कथा स्वतंत्र लेखाची आहे. २००४ मध्ये बरखास्त झालेली 'पॅट्रियट ऑफ युक्रेन' खार्किवमध्ये आंद्री बिलेत्स्की यांनी पुन्हा उभी केली, तिच्यातून मे २०१४ मध्ये अझोव्ह तुकडी निघाली आणि वर्षअखेरीपर्यंत ती राष्ट्रीय रक्षक दलात सामावली गेली. खूण तीच जुनी. पुढे तुकडीत नवी माणसं येत गेली, जुने राजकीय लोक बाहेर पडून नॅशनल कोर पक्षात गेले, आणि २०२२ मध्ये मारिउपोलच्या पोलाद कारखान्यात वेढ्यात लढलेल्यांत पहिल्या दिवसांतले थोडेच उरले होते. अमेरिकी संसदेने २०१८ पासून या तुकडीला मदत देण्यावर बंदी घातली होती. परराष्ट्र खात्याने जून २०२४ मध्ये तिला शस्त्रं द्यायला परवानगी दिली. सुरुवात विसरू नये आणि बदल नाकारू नये, दोन्ही सांभाळून बोलणारे लोक कमी आहेत.

नगरपालिकांचं राजकारण आणखी वेगळं. रुस्लान मार्त्सिंकिव २०१५ पासून इवानो-फ्रान्किव्स्कचे महापौर. २०२० मध्ये ते ८० टक्क्यांहून जास्त मतांनी पुन्हा निवडून आले. तेर्नोपिलमध्ये सेर्ही नादाल २०१० पासून. ख्मेल्नित्स्कीत ओलेक्सान्द्र सिमचिशिन २०१५ मध्ये निवडून आले. इथला मतदार पक्षाचं तत्त्वज्ञान नव्हे, कारभार बघून शिक्का मारतो. पण पालिका हातात असली की स्मृतीचं राजकारणही हातात येतं. मार्च २०२१ मध्ये तेर्नोपिलच्या पालिकेने शहराच्या क्रीडागाराला उपाचा सेनापती रोमान शुखेविच याचं नाव दिलं. जर्मनांच्या सेवेतल्या 'नाख्टिगाल' आणि नंतर २०१ क्रमांकाच्या सहायक पोलीस तुकडीत तो अधिकारी होता. इस्रायलच्या राजदूताने निषेध नोंदवला. ज्या शहरात महायुद्धाआधी हजारो ज्यू राहत होते आणि युद्धानंतर जवळजवळ कुणी उरलं नाही, त्या शहरातला हा निर्णय. मला तो अक्षम्य वाटतो.

याच काळात युक्रेनच्या संसदेने सप्टेंबर २०२१ मध्ये ज्यूद्वेषाविरुद्धचा कायदा मंजूर केला, हेही त्याच्या शेजारी ठेवून वाचायला हवं.

पूर्ण युद्ध सुरू झाल्यावर स्वोबोदाचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने आघाडीवर गेले. राष्ट्रीय रक्षक दलाच्या 'रुबिझ' ब्रिगेडमध्ये 'स्वोबोदा' नावाची बटालियनच आहे. फारिओन मात्र ल्विवमध्ये बसून जुन्याच वाटेने चालत राहिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी, रशियन बोलणाऱ्या अझोव्ह सैनिकांना आपण युक्रेनियन म्हणू शकत नाही, असं सांगितलं. शिवाय रशियाच्या ताब्यातल्या क्रायमियातल्या एका विद्यार्थ्याने त्यांना पाठवलेलं पाठिंब्याचं पत्र त्यांनी प्रसिद्ध केलं आणि तो पोरगा अडचणीत आला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. पुढे न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. १९ जुलै २०२४ च्या संध्याकाळी ल्विवमध्ये त्यांच्या घराजवळ त्यांच्यावर गोळी झाडली गेली. संशयित म्हणून पकडला गेला तो अठरा वर्षांचा मुलगा होता. ३० ऑगस्ट २०२५ ला ल्विवमध्येच भर दिवसा आंद्री पारुबी यांचा खून झाला. १९९१ च्या संस्थापकांतले हे पारुबी तोवर कुठल्या कुठे गेले होते: मैदानाच्या स्वसंरक्षण दलांचे प्रमुख, पीपल्स फ्रंटचे खासदार, २०१६ ते २०१९ संसदेचे सभापती. फारिओन यांचं एकही मत मला मान्य नाही, पण मतांसाठी माणसाला गोळी घालणाऱ्याची बाजू कुणालाही घेता येणार नाही.

मार्शल लॉमुळे युक्रेनमध्ये निवडणुका थांबल्या आहेत. त्या होतील तेव्हा स्वोबोदा पाच टक्क्यांची अट ओलांडेल असं मला वाटत नाही. या विचारांचं पुढचं राजकारण त्या पक्षाच्या कार्यालयातून येण्यापेक्षा सैन्यातून परतलेल्यांमधून येण्याचा संभव अधिक आहे. बिलेत्स्की आज एका संपूर्ण कोरचे सेनापती आहेत आणि त्यांच्याकडे आदराने पाहणारे बरेच लोक त्यांच्या जुन्या भाषणांविषयी अनभिज्ञ असावेत. तेव्हा त्या निकालाच्या दिवशी अतिउजव्यांच्या पक्षापुढची टक्केवारी जरूर बघा. त्याचबरोबर मोठ्या पक्षांच्या उमेदवार याद्यांत कोणाकोणाला जागा मिळाली आहे, तेही वाचा. त्याह्निबोक २००२ मध्ये आणि पारुबी २०१४ मध्ये संसदेत पोचले ते अशाच मोठ्या पक्षांच्या आणि आघाड्यांच्या आधाराने.